सहा फूट आणि एक भिंत

सोमवारी सकाळी डॉक्टर कुमुद घारगे यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आरपार दिसू लागलं. काचेसारखं नव्हे. काच समोरची वस्तू आहे तशी दाखवते, या बोटातून वस्तूच्या आतलं दिसायचं. आंब्यावर ठेवलं की कोय दिसायची, आणि जरा नेट धरून पाहिलं की कोयीतला किडाही. चहाच्या कपावर ठेवलं तेव्हा विशेष काही दिसलं नाही, कारण चहाच्या आत चहाच असतो. कुमुदताईंनी तो पिऊन घेतला आणि त्या दवाखान्यात गेल्या.

धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. ते बोट बरेच महिने आधीपासूनच बधिर होतं, आणि बधिर बोटाचं माणूस फार मनावर घेत नाही.

हे कसं झालं ते कराडात त्यांच्या खुर्चीवर बसून गेलेला कुणीही सांगू शकला असता. दाताचा फोटो काढायचा तर एक छोटीशी फिल्म तोंडात ठेवावी लागते आणि ती कुणीतरी बोटाने दाबून धरावी लागते. नियम असा, की फिल्म ज्याच्या तोंडात, बोटही त्याचंच. डॉक्टरने सहा फूट लांब, भिंतीआड जायचं आणि तिथून बटण दाबायचं. हा नियम कुमुदताई नव्या डॉक्टरांना खडसावून सांगायच्या. प्रत्येक पेशंटला शिशाचा एप्रन घालायच्या. त्या एप्रनची घडी कुणाला घालू द्यायच्या नाहीत, कारण घडी घातली की आतलं शिसं तडकतं आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही. बाईमाणूस असेल तर "दिवस गेलेत का?" हे विचारल्याशिवाय मशीनला हात लावायच्या नाहीत. कुणी म्हणालं, "बाई, समाधानासाठी एक फोटो काढून टाका," तर म्हणायच्या, "समाधानासाठी देवळात जा. फोटो गरजेला काढतात."

पण पोर रडायला लागलं, एखाद्या म्हातारबाबाला ओकारी यायला लागली, की हे सगळं बाजूला राहायचं. "द्या इकडे, धरते मी. तुम्ही नुसतं हलू नका," म्हणत त्या स्वतःचं बोट त्यांच्या तोंडात घालायच्या आणि भिंतीआडून यमुनाबाई बटण दाबायच्या. अर्ध्या तालुक्याच्या दाढा त्या एका बोटाने धरल्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या सोमवारी मशीन रिकामं निघालं. बटण दाबलं, टुर्र वाजलं, फिल्म कोरीच राहिली. उलट ड्रॉवरमधल्या नव्या फिल्मांवर सगळं उमटलं होतं. सकाळी ड्रॉवर उघडताना कुमुदताईंचं बोट त्या फिल्मांना लागलं होतं, तेवढ्यात किल्ल्या, पिना आणि यमुनाबाईंची तंबाखूची डबी असा ड्रॉवरचा सगळा संसार फिल्मांवर आला. किरण मशीनमधून उठून बोटात राहायला आले होते.

"म्हणजे आता विजेचा खर्च नाही," यमुनाबाई म्हणाल्या. त्या दवाखान्याचं आणि घरचंही सगळं बघायच्या, आणि कशाने हबकायच्या नाहीत.

एका फोटोने काही होत नाही, हे कुमुदताईंनी घाबरलेल्या कितीतरी बायकांना समजावलं होतं, आणि ते खरंच होतं. मशीन क्षणभर चालतं आणि थांबतं. मशीनला बटण असतं. बोटाला बटण नव्हतं.

दाताच्या प्रत्येक फिल्मच्या पाकिटात शिशाचा एक पातळ तुकडा असतो, चॉकलेटच्या चांदीसारखा. तो कचऱ्यात टाकायचा नसतो, म्हणून यमुनाबाई ते तुकडे बिस्किटांच्या डब्यात साठवायच्या. तो डबा उघडून कुमुदताईंनी बोट गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी तळहात आरपार झाला, म्हणून तळहात गुंडाळला. मग मनगट. बोट दिलं की हात धरायचा, ही किरणांचीही रीत निघाली. डबा संपला तेव्हा त्यांच्या उजव्या हातात कोपरापर्यंत चांदीचा हातमोजा तयार झाला होता. हाताचं तरी भागलं.

आणि गुरुवारी शलाका येणार होती. त्यांची एकुलती एक लेक. पुण्याला दिलेली, सातवा संपून आठवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे वडील गेल्यापासून फक्त कुमुदताई. त्यांनी फोन केला.

"शलू, माझ्या हाताला किरण लागलेत."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"दुखतंय का?"

"नाही. बधिर आहे."

"मग येते मी. सासूबाईंनी डिंकाचे लाडू बांधून ठेवलेत. आता नाही म्हटलं तर त्यांचं तोंड फुगेल."

शलाका आली. बरोबर जावई निरंजनराव, हातात बॅगा. कुमुदताई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाल्या. त्यांनी एक पाऊल टाकलं तसं दार एक पाऊल मागे गेलं. त्या आणखी पुढे झाल्या, दार आणखी मागे गेलं, आणि दाराबरोबर उंबऱ्याबाहेर उभी असलेली लेकही. शेवटी त्यांनी होत्या तिथूनच तुकडा ओवाळला. डोळ्याला पाणी यमुनाबाईंनी लावलं.

घराला नियम कळला होता. इतकी वर्षं त्या भिंतींनी तोच तर ऐकला होता. पुढे घर आणि सगळ्यात मागे दवाखाना, अशी ती वास्तू होती. पेशंट स्वयंपाकघरावरून पॅसेजमधून मागे जायचे आणि जाताजाता आज भाजी काय केलीय ते बघायचे. आता तो पॅसेज लांबायला लागला. शलाका ज्या खोलीत असेल तिथून कुमुदताईंपर्यंत निदान सहा फूट आणि एक भिंत, एवढं अंतर घर कुठूनतरी काढायचंच. भिंत कमी पडली तर नवी उगवायची. सकाळी स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यात एक असायची, दुपारी दोन. कुमुदताई हळूहळू मागे सरकत दवाखान्यातच राहायला गेल्या.

"आई, मीठ!" पहिल्या दिवशी शलाका जेवताना म्हणाली.

यमुनाबाई मीठ घेऊन निघाल्या. त्या पोचल्या तेव्हा आमटी गार झाली होती.

"पुण्यात एवढ्या जागेत एक सोसायटी बसली असती," निरंजनराव कौतुकाने म्हणाले.

कुमुदताईंना लेकीच्या पायांना तेल लावायचं होतं. पायांवर सूज होती, असं यमुनाबाईंनी येऊन सांगितलं. एवढ्याचसाठी तर पोरी माहेरी येतात. खायलाप्यायला सासरीही मिळतं. आणि पुढे बाळ झालं की ते पहिल्यांदा कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न या घरात कुणाला पडलाच नसता. आता पडला होता. हात तोच होता, आणि त्या हाताने बाळाला घेतलं तर बाळाच्या आतपर्यंत सगळं दिसलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हा हात न दाखवताच अवलक्षणी झाला होता.

शलाकाला एक युक्ती सुचली. तिने दवाखान्यातला शिशाचा एप्रन यमुनाबाईंकडून मागवला, अंगात चढवला आणि पॅसेजच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"आई, आता येऊ?"

"का?"

"का म्हणजे? तुझ्याजवळ बसायला."

पॅसेज आक्रसला नाही. उलट दुप्पट झाला. शलाका एवढ्या लांब गेली की तिचा आवाज पोचायला वेळ लागला. कुमुदताईंच्या लक्षात आलं. घर विचारत होतं, कशासाठी? नुसता एप्रन घालून भागत नाही, गरज लागते. मायेपोटी कुणी फोटो काढत नाही, हे त्यांनीच लोकांना ऐकवलं होतं. एप्रन यमुनाबाईंनी परत आणून दवाखान्याच्या खुर्चीवर टाकला, खुंटीवर लावायचं त्या थकव्यात राहून गेलं.

निरंजनराव दुपारी दवाखान्यातल्या बाकावर आडवे झाले होते, तेच घरातलं सगळ्यात थंड ठिकाण. जावई फार शिस्तीचे. पुण्याला निघण्यापूर्वी त्यांनी अंथरूण, पांघरूण आणि खुर्चीवर पडलेला एप्रन, सगळ्याची नीट चौघडी घातली, एकावर एक रचली, वर हाताने दाबून सपाट केली आणि उशी ठेवली.

"आई, आवरून ठेवलंय हं सगळं," ते म्हणाले.

कुमुदताईंनी चांदी जराशी सोलून एप्रनवर बोट ठेवलं. आत शिसं तडकलं होतं. उभी भेग आणि आडवी भेग, बरोबर मधोमध, जिथे पोट येतं तिथे. जावयाला काय बोलणार! जावयाला कुणी कधी काही बोललंय?

"छान केलंत," त्या म्हणाल्या.

डोहाळजेवण शेजारणींनी उरकलं. कुमुदताईंनी ते दवाखान्याच्या भिंतीतल्या जाड काचेतून पाहिलं. बटण दाबताना पेशंट दिसावा म्हणून ती काच बसवलेली होती. पॅसेजच्या पार टोकाला हिरव्या साडीतली शलाका पोपटाएवढी दिसत होती. बायका गाणी म्हणत असाव्यात, कारण त्यांची तोंडं एकदम उघडत होती. कुमुदताईंना रडू यायला हवं होतं. आलं नाही. बधिरपणा कोपर ओलांडून खांद्यावर आला होता, खांद्यावरून छातीत. त्या काचेशी उभ्या राहिल्या आणि बायका गेल्यावर बाजूला झाल्या.

मग शलाकाची अक्कलदाढ सुजली.

आधी ठणका, मग गाल, मग ताप. पू झाला होता हे आवाजावरूनच कळत होतं. आठव्या महिन्यात अंगात पू ठेवून चालत नाही. तो आईला सोडत नाही आणि बाळालाही सोडत नाही. दाढ काढायला हवी होती, आणि काढण्याआधी ती हाडात कशी पडलीय ते दिसायला हवं होतं. आडवी असेल तर कुठून धरायची, पू कुठवर गेलाय, हे आंधळेपणाने ठरवता येत नाही.

कुमुदताईंनी कराडातल्याच दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांना, दगड्यांना, फोन लावला. दगडे भला माणूस, लगेच निघाले. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "घारगेबाई, मी दारातून आत शिरलोय. सोफा दिसतोय लांबवर. तिथे पोचलो की कळवतो." पुन्हा फोन आला तेव्हा सोफा दिसेनासा झाला होता. यमुनाबाईंनी डबा बांधला, दोन भाकऱ्या जास्तीच्या घेतल्या आणि त्या दगड्यांना आणायला गेल्या. त्या परत आल्या नाहीत. घरात मायलेकी उरल्या आणि मधे पॅसेज.

"आई," शलाकाचा आवाज आला. "फार दुखतंय गं."

"ऊठ," कुमुदताई म्हणाल्या. "चालत ये. या वेळी येऊ देईल."

शलाका गाल धरून उठली. पहिल्या पावलाला पॅसेजमधली एक भिंत खाली बसली. दुसऱ्या पावलाला दुसरी. गरज खरी होती. चार पावलांत ती दवाखान्याच्या दारात येऊन ठेपली, आणि तिच्या त्या ताप आलेल्या तोंडाकडे कुमुदताईंनी कितीतरी दिवसांनी जवळून पाहिलं. गालावर वांग आले होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. कुणी वेणीसुद्धा नीट घातली नव्हती.

"बस. दिवस गेलेत का?" त्यांनी विचारलं. सवयच होती.

"आठवा चाललाय," शलाका म्हणाली आणि खुर्चीत बसली.

एप्रन एकच होता, आणि तो तडकलेला. त्या भेगांवर शिसं लावायला हवं होतं, आणि घरातलं सगळं शिसं कुमुदताईंच्या हाताला गुंडाळलेलं होतं. हात झाकला तर पोट उघडं, पोट झाकलं तर हात उघडा. यात विचार करण्यासारखं काय होतं? त्यांनी हातमोजा सोलायला घेतला, एकेक चांदी काढून चिकटपट्टीने एप्रनवर लावली, आधी उभी भेग, मग आडवी. मग खुर्चीला हात न लावता, लांबून फेकल्यासारखा एप्रन लेकीच्या अंगावर टाकला. शेवटची चांदी लागली तेव्हा हात खांद्यापर्यंत उघडा होता, आणि त्यातून दवाखान्याची फरशी, फरशीखालची वाळू आणि वाळूतले गोगलगाईंचे शंख दिसत होते.

"फिल्म ट्रेमध्ये आहे. तूच तोंडात ठेव. दाढेच्या आतल्या बाजूला. आणि बोटाने दाबून धर."

शलाकाने ठेवली. लगेच तिला ओकारी आली. पुन्हा ठेवली, पुन्हा आली. डोळ्यांत पाणी आलं.

"नाही जमत मला. तू धर ना, आई. सगळ्यांची धरलीस."

कुमुदताईंचा डावा हात अजून हाडामांसाचा होता. तो आपोआप उचलला गेला, अर्ध्या वाटेपर्यंत गेलाही. त्यांनी तो मागे घेतला आणि पाठीमागे साडीच्या निऱ्यांत खुपसला.

"तुझी नाही धरणार," त्या म्हणाल्या. "तुझी तू धर. लांब श्वास घे, आणि ठेव."

शलाकाने श्वास घेतला, फिल्म ठेवली, आणि या वेळी ओकारी आली नाही. ती शांत झाली. फिल्म नीट बसली होती, हलत नव्हती. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. जिभेने धरली असेल, असं कुमुदताईंना वाटलं. घाईत माणसाला जे सोयीचं तेच वाटतं.

त्या पुढे झाल्या आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी लेकीच्या सुजलेल्या गालावर ठेवलं. ठेवलं आणि उचललं. तेवढ्यात त्या बधिर बोटाला ताप लागला. गाल चटका बसेल इतका गरम होता. इतक्या महिन्यांत त्या बोटाला कळलेली ती एकच गोष्ट, आणि त्या पटकन मागे वळून भिंतीआड गेल्या, कारण आता डोळे भरले होते आणि लेकीला ते दिसायला नको होते.

"झालं?" शलाकाने फिल्म तोंडातून काढत विचारलं.

"झालं. आता तूच धुवायची. मी हात लावला तर सगळं काळं पडेल."

फिल्म धुण्याची काळी पेटी खुर्चीशेजारीच होती, दोन बाह्या असलेली. शलाकाने बाह्यांत हात घातले. कुमुदताई काचेतून सांगत होत्या, लहानपणी तिला दात घासायला शिकवताना सांगायच्या तसंच. "आधी डावीकडची वाटी. हलव जराशी. आता मधल्या पाण्यात. आता उजवीकडे. थांब. घाई नको. आता काढ."

शलाकाने ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"काय दिसतंय?"

"दाढ दिसतेय. आडवी पडलीय."

"मुळाशी काळं आहे?"

"आहे. थोडंच. वाटाण्याएवढं."

"मग निघेल," कुमुदताई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना हायसं वाटलं. "निघेल गं. घाबरू नकोस. आणखी काही?"

शलाका फिल्मकडे बघत राहिली.

"खाली कोपऱ्यात एक बोट आहे. फिल्म दाबून धरलीय त्याने."

"तुझं असेल."

"माझे हात खुर्चीवर होते." तिने फिल्म आणखी वर धरली. "हे इवलंसं आहे, आई. याला अजून नख नाही."

अर्ध्या तालुक्याला जे त्या म्हणत आल्या होत्या तेच कुमुदताईंच्या कानात घुमत होतं, द्या इकडे, धरते मी.

एप्रन जड झाला होता. शलाकाने तो काढून खुंटीवर अडकवला, घडी न घालता, आईने शिकवलं होतं तसा. मग बाळ हललं म्हणून तिने तळहात पोटावर ठेवला. भिंतीआडून, जाड काचेतून, कुमुदताईंना त्या तळहातातली सगळी हाडं दिसली. किरण पोटातून येत होते.

कुठेतरी लांब यमुनाबाई दगड्यांना हाका मारत होत्या. गरज संपली होती, म्हणून पॅसेज लांबायला निघाला, आणि मधेच थांबला. एक भिंत खुर्चीपाशी फरशीतून वीतभर वर आली आणि परत खाली गेली. मग ती शलाकाच्या पलीकडे आली, तिथेही टिकली नाही. पुन्हा अलीकडे आली. घराला नियमाप्रमाणे सहा फूट आणि एक भिंत घालायची होती, पोटातलं बाळ आणि त्याची आई यांच्या मधोमध, आणि शलाका पोटावर हात ठेवून ती कुठे उगवते ते बघत उभी होती.